पॅडचं नाव नंतर, आधी ती डावी पिन बघा

वाईहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: 'मी पाचगणीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे पसरणी घाट रोजचाच. गाडी 2016 ची वॅगनआर, पेट्रोल, 91,000 किलोमीटर झालेली. गाडीबरोबर आलेले पुढचे ब्रेक पॅड 38,000 ला बदलले, सर्व्हिस सेंटरमध्ये बसवलेला दुसरा सेट 80,000 पर्यंत गेला. तिसऱ्या वेळी गावातल्या मेकॅनिकने 450 रुपयांचे लोकल पॅड टाकले, ते 11,000 तच संपले. डाव्या चाकाचा आतला पॅड पत्र्याला टेकलाय, उजवीकडचे अजून अर्धे शिल्लक आहेत. गेला महिनाभर घाट उतरताना जळका वास येतो आणि शेवटच्या वळणांवर पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. आता मिस्टर म्हणतात कंपनीचेच घे, 1,900 गेले तरी चालतील. दुकानदार रेन, बॉश, टीव्हीएस दाखवतो, 1,100 ते 1,400 मध्ये. भाऊ म्हणतो ब्रेम्बो मागव. मेकॅनिक म्हणतो सगळे सारखेच असतात. बसवायची मजुरी 300. कोणता ब्रँड घेऊ?'

ताई, ब्रँडचं बोलूच, पण त्याआधी एक विनंती. नवे पॅड बसेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. वाई-पाचगणी एसटी आहे, शेअर जीप आहेत, शाळेतल्या कुणाची गाडी असेल. पॅड पत्र्याला टेकला म्हणजे डिस्कवर घासणारा पॅडचा मसाला संपला आणि मागचा पत्रा उघडा पडला, लोखंडावर लोखंड घासतंय. त्या चाकाला भरवशाचा ब्रेक उरलेला नाही, वर डिस्कही रोज कोरली जातेय. महिनाभर तुम्ही अशी गाडी उतरवलीत, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आता तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. डावीकडचा आतला पॅड संपला आणि उजवीकडचे अर्धे शिल्लक. पॅड फक्त हलक्या दर्जाचा असता तर चारही साधारण बरोबर झिजले असते. एकच पॅड असा खाल्ला जातो तेव्हा दोष बहुतेक वेळा पॅडमध्ये नसतो, कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागात असतो.

तुमच्या गाडीचा कॅलिपर सरकता आहे. पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. तुम्ही पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या धक्क्याने कॅलिपरचं पूर्ण धूड दोन पिनांवरून मागे सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून घेतं. त्या पिना, आपल्या तर्जनीएवढ्या, रबरी बुटात, म्हणजे टोपणात बसलेल्या असतात. बूट फाटला, पावसाचं पाणी आत गेलं, ग्रीस वाळून त्याचं मेण झालं, की पिन अडकते. मग बाहेरचा पॅड आरामात बसून राहतो आणि सगळा भार आतल्यावर. ब्रेक सोडला तरी आतला नीट सुटत नाही, घासत राहतो, तापतो. पाचगणीच्या पावसात आणि धुक्यात रोज फिरणाऱ्या गाडीला हे व्हायला दोन-तीन पावसाळे पुरतात. पिन सुटी असेल तर मग पिस्टन गंजून अडकलाय का ते पाहायचं.

घरी तपासायचं असेल तर सपाट रस्त्यावर फार ब्रेक न लावता सात-आठ किलोमीटर गाडी चालवा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. डावीकडे जास्त धग लागली तर डावा कॅलिपर बहुतेक अडकलाय असं समजा. मेकॅनिकने गेल्या वेळी पिना काढून साफ केल्या होत्या का, एवढं त्याला विचारा. माझा अंदाज, नसतील केल्या. जुने पॅड उपसले, नवे कोंबले, वीस मिनिटांत गाडी बाहेर. हे फार ठिकाणी चालतं.

तर 11,000 चा सगळा दोष त्या 450 च्या पॅडवर टाकता येणार नाही. पण म्हणून मी त्यांची बाजू घेणार नाही, आणि 'सगळे सारखेच' हे तर अजिबात मान्य करणार नाही. त्याला कारण आहे.

2009 साली मी आईला घेऊन कराडहून चिपळूणला चाललो होतो. आठवड्याआधीच पुढचे पॅड मी स्वतः बदलले होते, पुण्यात नाना पेठेतून आणलेले, साध्या पांढऱ्या खोक्यातले, नाव नसलेले. कुंभार्ली घाट अर्धा उतरल्यावर पुढून 'कट्' असा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांच्या जोरावर डोंगराकडच्या गटारात चाक घालून ती थांबवली. चाक काढलं तेव्हा उजवीकडच्या एका पॅडचा मसाला पत्र्यावरून अख्खाच्या अख्खा सुटून पडला होता. उरला तो नुसता पत्रा. त्यावर गोंदाचे चार ठिपके आणि बाकी गंज. म्हणजे गोंद लावायच्या आधीच पत्रा गंजलेला होता, आणि तो साफसुद्धा न करता त्यावर मसाला चिकटवला होता. आई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिला काय झालं ते कळलंही नाही. मी तो पत्रा अजून ठेवला आहे.

चांगल्या पॅडमध्ये पैसे जातात ते या न दिसणाऱ्या कामाला. पत्रा खरवडून साफ करणं, काही कंपन्या पत्र्यालाच हुकासारखे बारीक काटे काढतात म्हणजे मसाला त्यात रुतून बसतो, मग दाब आणि उष्णता देऊन भट्टीत पक्का करणं. मागे आवाज दाबणारी शिम, म्हणजे पातळ पट्टी चिकटवणं. यातलं काहीच वरून रंग मारल्यावर दिसत नाही.

तुमच्या घाटाचा हिशोब एकदा करून बघा. पाचगणी समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या आसपास, वाई 700 च्या आसपास. म्हणजे 600 मीटर उतार. गाडी, तुम्ही आणि सोबतचं कुणी धरून हजार किलो. एवढं वजन एवढं खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते ती विजेच्या भाषेत दीड युनिटाहून थोडी जास्त. तुमच्या न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गिझर पाऊण तास चालू ठेवला तर जेवढी उष्णता तयार होईल तेवढी. थोडी वारा खातो, थोडी टायर आणि इंजिन. वरचा गिअर ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरलात तर बाकीची सगळी दोन डिस्क आणि तळहाताहून लहान अशा चार पॅडना गिळावी लागते, कारण ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवरच येतो. रोज, शाळा सुटल्यावर. वाईतल्या वाईत बाजारात जाणाऱ्या गाडीला जो पॅड उत्तम, तो तुम्हाला पुरेलच असं नाही.

जळका वास आणि घट्ट पेडल ही त्याचीच खूण. मसाल्यातला राळेसारखा चिकट भाग अति तापला की त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कमध्ये निसरडेपणा येतो. पाय जोर लावतो, पेडल घट्ट असतं, पण पकड नसते. याउलट पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर तो ब्रेक ऑइलचा प्रश्न, त्याकडे पुढे येतो.

आता मसाला. बाजारात तुम्हाला साधारण तीन जाती ऐकायला मिळतील. ऑरगॅनिक, म्हणजे तंतू, राळ, रबर, भुकटी यांचं मिश्रण: शांत, डिस्कला सौम्य, गार असतानाही पटकन पकडतं, पण फार तापलं की लवकर ढिलं पडतं. सेमी-मेटॅलिक, ज्यात लोखंडाचा चुरा आणि तंतू भरपूर: उष्णता झेलतं, पण करकरतं, काळी धूळ उडवतं, डिस्क जास्त खातं. आणि सिरॅमिक: शांत, धूळ कमी, किंमत जास्त. आपल्याकडे खोक्यावर 'सिरॅमिक' छापायला फार काही लागत नाही, म्हणून त्या एका शब्दाला भुलून दुप्पट पैसे देऊ नका. 'रेसिंग' लिहिलेले तर घेऊच नका. शर्यतीचा मसाला तापल्यावर चांगला पकडतो, आणि तुमची गाडी पहाटेच्या गारठ्यात घरातून निघून पहिल्याच चौकात थांबायची असते.

ब्रँडांकडे येऊ. मारुती स्वतः पॅड बनवत नाही, मारुतीचं खोकं असतं, आतला माल पॅड बनवणाऱ्या कंपनीचा. चेन्नईची रेन, जिच्या ब्रेक लायनिंगला जपानच्या निशिनबोचं तांत्रिक सहकार्य लाभलं, आणि 1962 पासून पाडीत ब्रेक बनवणारी ब्रेक्स इंडिया, जिला गॅरेजवाले टीव्हीएस गर्लिंग म्हणून ओळखतात, या दोन्ही गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना माल देत आल्या आहेत. म्हणून त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला पॅड हा माझ्या मते या बाजारातला सगळ्यात समंजस सौदा. पण 'तोच माल, खोकं स्वस्त' असं दुकानदार म्हणाला तर पूर्ण खरं मानू नका. कारखाना एक असला तरी गाडी कंपनीला जाणारा मसाला आणि खुल्या बाजारात जाणारा मसाला वेगळा असू शकतो. दर्जा वाईट नसतो, स्वभाव वेगळा असू शकतो.

बॉश हे मोठं नाव आहे आणि त्या खोक्याला मी नाही म्हणणार नाही. फक्त तिथे नावापेक्षा खोक्यावरचा पार्ट नंबर आणि कुठे बनलं ते वाचा. ब्रेम्बोबद्दल भावाचा उत्साह समजतो. कंपनी इटलीतल्या बर्गामोजवळची, मोठ्या शर्यतींतली, आपल्या चाकणलाही तिचा कारखाना आहे. पण तिचं ज्यामुळे नाव झालं ते मोठे कॅलिपर आणि डिस्क. तुमच्या गाडीचा कॅलिपर आणि डिस्क तेच राहणार, बदलणार फक्त मसाला. तुमच्या मॉडेलचा अचूक पार्ट नंबर मिळाला तर पॅड चांगलाच असेल, पण कंपनीच्या सेटपेक्षा जास्त पैसे देण्याइतका फरक तुम्हाला या गाडीत जाणवणार नाही.

नावापेक्षा मी दोन गोष्टी जास्त मानतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे तपासलेल्या पॅडवर गोलात इंग्रजी 'ई' (E) आणि एक आकडा असतो, आणि पुढच्या नंबरात '90आर' (90R) येतं. तो नियम सांगतो की बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या आगेमागे 15 टक्क्यांच्या आत असली पाहिजे. ही खूण असेल तर चांगलंच. दुसरी गोष्ट म्हणजे पॅडच्या कडेवर छापलेल्या लांबलचक कोडच्या शेवटची दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं अक्षर पॅड कमी तापलेला असतानाची पकड सांगतं, दुसरं कडक तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' 0.35 ते 0.45, 'जी' 0.45 ते 0.55. घाटासाठी 'एफएफ' बघा. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली गेलेलं असेल, म्हणजे 'एफई', तर पॅड तापल्यावर पकड सोडतोय हे कंपनीच छापून सांगतेय. आणि 'जीजी' मिळालं म्हणून हुरळून जायचं नाही. मागच्या चाकांना तुमच्याकडे ड्रम ब्रेक आहेत, पुढची पकड फार वाढली तर पुढचं-मागचं गणित बिघडतं. ही अक्षरं टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

दुकानात पॅड हातात घ्या. पत्र्यावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि बॅच नंबर ठोकलेला किंवा छापलेला हवा, नुसता खोक्यावर नको. डुप्लिकेटवाले खोकं हुबेहूब करतात, होलोग्रामसुद्धा चिकटवतात, पण प्रत्येक पॅडवर बॅच नंबर टाकायची मेहनत बहुतेक वेळा घेत नाहीत. मसाल्याच्या कडेवर नख ओढा: चुरा सुटता कामा नये. मसाला आणि पत्रा यांच्या सांध्यात नखही शिरायला नको. चारही पॅडवर एकच बॅच असेल तर उत्तम. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी हे कायद्यानेच लागतं. आणि पक्कं बिल घ्या, पार्ट नंबरसह. बिल द्यायला का-कू करणाऱ्याकडून ब्रेकची वस्तू घेऊ नये.

पैशाचं बोलू, कारण पगारातूनच हे सगळं करायचंय. कंपनीचा सेट 1,900 अधिक मजुरी 300, चालला 38,000. किलोमीटरला 5.8 पैसे. लोकल 450 अधिक 300, चालला 11,000. किलोमीटरला 6.8 पैसे. स्वस्त पॅड महाग पडला, आणि त्यात कोरलेली डिस्क अजून धरलेलीच नाही. मधला 1,100 चा सेट मजुरी धरून 1,400. तो 24,000 किलोमीटरच्या वर गेला की कंपनीच्या सेटपेक्षा स्वस्त पडायला लागतो. रेन किंवा टीव्हीएससारखा पॅड नीट बसवला तर एवढं चालावा, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

तरीही या वेळी मी तुम्हाला कंपनीचाच सेट घ्यायला सांगेन. आपल्याला शंका पिनेची आहे. पिना साफ करून आधीच्याच जातीचा पॅड टाकला की 10,000 किलोमीटरवर उघडून बघता येईल: चारही सारखे झिजलेत की नाही. पॅडही नवीन ब्रँडचा आणि पिनाही नव्याने बसवलेल्या, असं एकदम केलं तर बिघडलं तरी कशाने बिघडलं ते कळणार नाही. पुढच्या वेळी मधल्या किमतीचा सेट निर्धास्त घ्या. सर्व्हिस सेंटरशिवाय कंपनीचा खात्रीचा माल मिळत नसेल आणि तिथवर जाणं जमत नसेल, तर रेन किंवा टीव्हीएस या वेळीही चालेल. 450 चा मात्र पुन्हा नाही.

बसवताना शक्य असेल तर स्वतः उभ्या राहा. दोन्ही बाजूंच्या चारही पिना बाहेर काढून पुसायच्या, बूट फाटलेले असतील तर बदलायचे, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डाव्या डिस्कवर बोट फिरवून बघा, कडेला धार आली असेल, मधे चरे पडले असतील. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, मेकॅनिकने मापून त्याहून वर असेल तरच लेथवर फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून घ्या. खाली गेली असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. हा खर्च टाळण्याचा मोह होईल, टाळू नका. मागच्या ड्रममधले लायनरही त्याच दिवशी उघडून बघायला सांगा, पुढचे ब्रेक दमले की मागचेच राबत असतात. आणि ब्रेकची काळी धूळ कुणी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकत असेल तर थांबवा. लोकल पॅडमध्ये काय मिसळलेलं असतं ते कुणी सांगत नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

गाडी गॅरेजमधून हलवण्याआधी पेडल जागेवरच सात-आठ वेळा दाबा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला पाय रिकामा जातो, आणि त्या पहिल्या पायालाच कितीतरी गाड्या गॅरेजच्या भिंतीवर गेल्या आहेत.

नव्या पॅडना पहिल्याच दिवशी घाट दाखवू नका. एखाद्या रविवारी सकाळी वाई-सुरूर रस्त्यावर जा, मागे कुणी नाही बघून 50-60 च्या वेगावरून बेताच्या जोराने 15 पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका. मग एक-दीड किलोमीटर ब्रेक न लावता चालवा, म्हणजे गार होतील. असं दहा वेळा. मसाल्याचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसतो, आणि मग पकड येते. पुढचे 200-300 किलोमीटर कचकन ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

ब्रेक ऑइल कधी बदललंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी बदला. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. घाटात ते कॅलिपरमध्ये उकळलं तर वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. कोणतं घालायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

आणि उतरण्याची पद्धत. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, पसरणीच्या वळणांना दुसरा, मधल्या सरळ टप्प्यांना तिसरा. पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करा आणि पूर्ण सोडा, डिस्कला वारा लागू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका. गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर तुमच्या गाडीचं इंजिन तसंही पेट्रोल घेणं बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला घेतच राहतं.

काढलेले पॅड मेकॅनिककडे सोडू नका, चारही मागून घ्या. घरी टेबलावर डावे-उजवे, आतले-बाहेरचे असे मांडून बघा, आणि डावी पिन अडकलेली निघाली की नाही ते मला नक्की कळवा.